ट्रॅकऐवजी लूपर: नौपाड्यातल्या हवाईयन गिटारच्या मैफलीचं एक प्रकरण

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोड या पट्ट्यात हवाईयन गिटारचा, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूचा बार घसरवत वाजवायच्या गिटारचा, जुना श्रोता अजून टिकून आहे. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांवर त्याचा कान तयार झाला. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत वाजणारी धून ऐकून हा श्रोता गाणं ओळखायचा. आज तो सत्तरीच्या आसपास आहे. संध्याकाळी साडेपाचला वेळेवर येतो, पुढच्या दोन रांगा आधी भरतात.

हे प्रकरण अशाच श्रोत्यांच्या महिन्याच्या मैफलीचं आहे. जागा पहिल्या मजल्यावरचं सभागृह, साधारण 80 खुर्च्यांचं. वादक अनुभवी, साथीला तबला. बाकी साथ इतकी वर्षं मोबाइलवरच्या कराओके ट्रॅकची होती. ट्रॅकची अडचण उघड आहे: पट्टी ठरलेली, लय ठरलेली, अंतरे ठरलेले. श्रोत्यांनी ‘पुन्हा एकदा’ म्हटलं तरी अंतरा परत घेता येत नाही. तबलजीला दुसऱ्याच कुणाच्या तबल्यावर तबला वाजवावा लागतो. कीबोर्ड आणि दुसरी गिटार बोलवायची तर मानधनाची सोय नाही. म्हणून वादकाने ट्रॅक बंद करून लूपर आणायचं ठरवलं. आत्ता वाजवलेला तुकडा लगेच पकडून तो पुन्हा पुन्हा वाजवत राहणारं हे पायाने चालणारं यंत्र.

कल्पना नवी नाही. दोन टेपयंत्रं जोडून थर चढवण्याचे प्रयोग 1960 च्या दशकातच झाले होते. आज डिट्टोसारख्या छोट्या लूपरमध्ये 5 मिनिटं, बॉसच्या आरसी-1 मध्ये 12 मिनिटं रेकॉर्डिंग मावतं. या मैफलीसाठी लागत होती फार तर 25 सेकंदं. प्रश्न यंत्राच्या क्षमतेचा नव्हताच.

पहिली मैफल

पहिलंच गाणं लूपरवर घेतलं. आधी खालच्या तारांवर ठेका, मग त्यावर कॉर्ड, मग हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला घंटीसारखा सूर), मग छोट्या जागा, असे चार थर. मुखडा सुरू व्हायला दीड मिनिटाहून जास्त वेळ गेला. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलं, “अजून साउंड चेकच चालू आहे का?” अंतऱ्यात गाण्याची कॉर्ड बदलली, लूपची बदलली नाही. दुसऱ्या मुखड्याखाली मागच्या अंतऱ्यातले सूर कुठूनतरी ऐकू यायला लागले. तबला आणि लूप एकमेकांपासून सरकत गेले. शेवटी तबलजीने तिहाई (तीनदा वाजवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारा तुकडा) घेऊन समेवर हात थांबवला आणि लूप पुढे चालूच राहिला. मध्यंतरात चहाच्या टेबलाशी निकाल लागला: “अहो, त्यापेक्षा ट्रॅकच बरा होता.”

हा निकाल जुन्या लोकांचा हट्ट म्हणून सोडून देणं सोपं होतं. प्रत्यक्षात श्रोते बरोबर होते. वरच्या प्रत्येक बिघाडाला नेमकं कारण आहे.

हा श्रोता काय ऐकतो

हवाईयन गिटारवर गाणं वाजतं तेव्हा हा श्रोता शब्द ऐकत असतो. प्रत्येक अक्षरावर नखीचा आघात, स्वर लांबला की बारची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ओळ संपते तिथे श्वास. ओठ न हलवता तो सोबत गात असतो. त्यामुळे पहिला शब्द कधी येतो याला फार महत्त्व आहे. त्याच्या ओळखीची बरीचशी गाणी 78 आरपीएमच्या तबकडीसाठी बांधलेली होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावत, म्हणून सुरुवातीचं म्युझिक आटोपशीर असे. त्या मापावर तयार झालेल्या कानाला दीड मिनिट थर चढवताना बघायला लावलं की त्याच्या लेखी गाणं सुरूच झालेलं नसतं.

म्हणून क्रम उलटा केला. आधी तबल्याची दोन आवर्तनं, लगेच मुखडा, लूपशिवाय, पूर्ण उघडा. गाणं ओळखलं गेलं, माना डोलल्या, की मग पहिल्या अंतऱ्याआधीच्या म्युझिकच्या जागेत लूप रेकॉर्ड करायचा. ती सुरावट त्या वेळी गमवावी लागते. दुसऱ्या अंतऱ्याआधी लूप तयारच असतो, तेव्हा तीच सुरावट नीट वाजवून परत देता येते. गाण्यात एकच थर ठेवायचा. दुसऱ्या थरासाठी आणखी वीस-बावीस सेकंद श्रोत्याकडून मागावे लागतात आणि चित्रपटगीतात ते मिळत नाहीत.

कोणती गाणी लूपवर चढतात

लूप म्हणजे एकच तुकडा परत परत. मुखड्याच्या आणि अंतऱ्याच्या कॉर्ड वेगळ्या असलेल्या गाण्यात कॉर्डचा लूप अडकणारच. दोन ट्रॅकच्या लूपरवर मुखड्याला एक आणि अंतऱ्याला एक असे दोन लूप ठेवता येतात, पण मग बसलेल्या वादकाच्या पायाला बारकी स्विच शोधत बसावं लागतं. इथे निर्णय वेगळा झाला: कॉर्डचा लूप करायचाच नाही. लूपमध्ये फक्त षड्ज-पंचम (सा-प) आणि हाताने दाबलेल्या तारांवरचे बिनसुराचे आघात. मध्यम प्रबळ असेल तर षड्ज-मध्यम. गाणं मध्येच दूरच्या कॉर्डवर जात असेल तर लूपमध्ये सूरच नको, नुसते आघात पुरतात.

सर्वांत चपखल बसला तो अभंग. भजनी ठेका आठ मात्रांचा, षड्ज ढळत नाही, आणि गजराला ठरलेली लांबी नसते. तिथे दुसरा थरही चढवता येतो, कारण गजरात पुनरावृत्तीच हवी असते. पहाडी किंवा भूप अशा रागांवरच्या धुनाही छान उतरतात. संथ भावगीत आणि गझल यांत मात्र ठेक्याचा लूप घालू नये असं आमचं ठाम मत आहे. तिथे लय ओळीगणिक श्वास घेते आणि यंत्र तो श्वास घेऊ देत नाही. दहा गाण्यांच्या कार्यक्रमात लूप शेवटी चारच ठिकाणी राहिला.

मींड लूपमध्ये नको

पहिल्या मैफलीत लूप गढूळ का वाटत होता, याचं उत्तर बारमध्ये आहे. बारने काढलेला प्रत्येक स्वर थोडा हलत असतो, कंप तर मुद्दाम दिलेला असतो. असे दोन थर एकावर एक आले की दोघांचे कंप जुळत नाहीत आणि सूर पातळ, डळमळीत होतो. त्यावर थेट वाजणारी मींड आली की कोणता सूर खरा हे कानाला ठरवता येत नाही. शिवाय मींड ही या वाद्याची गायकी आहे. ती फक्त थेट वाजणाऱ्या हातात राहिली पाहिजे.

म्हणून लूपसाठी बार उचलायचा. मोकळ्या तारा आणि हार्मोनिक, एवढंच. वाद्य ओपन ई मध्ये, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की ई ची कॉर्ड वाजेल असं, लावलेलं होतं, सहाव्या तारेपासून ई-बी-ई-जी शार्प-बी-ई. षड्ज ई वर धरला की ई च्या तारांवर 12 व्या आणि 5 व्या पट्टीवरचं (फ्रेटवरचं) हार्मोनिक षड्ज देतं, 7 व्या पट्टीवरचं पंचम देतं. बी च्या तारांवर 12 व्या पट्टीवर पंचम मिळतो. पण तिथे 7 व्या पट्टीला हात लावू नये, ते हार्मोनिक एफ शार्प म्हणजे ऋषभ देतं. तिसरी तार म्हणजे शुद्ध गंधार. कोमल गंधाराच्या रागात ती चुकूनही मोकळी वाजू देऊ नये, नाहीतर एकदा लूपमध्ये शिरलेला शुद्ध गंधार प्रत्येक आवर्तनाला परत येऊन राग मोडतो. उजव्या तळहाताची कड तिच्यावर टेकवून ठेवली की पुरतं. सहावी तारही लूपमधून वगळली, कारण तिचा सूर 82 हर्ट्झच्या आसपास म्हणजे डग्ग्याच्याच मुलखात पडतो आणि डग्ग्याची घिस्स त्यात बुडते.

लय नसलेला, नुसता तानपुऱ्यासारखा लूप हवा असेल तर व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून तार छेडायची आणि मग पेडल हळू उघडायचं, म्हणजे आघात ऐकू येत नाही. अशी 12 सेकंदं रेकॉर्ड करायची आणि लगेच दुसऱ्या फेरीत त्यावरच आणखी एक फुगवटा असा चढवायचा की तो सांध्यावर, म्हणजे लूपचा शेवट सुरुवातीला जुळतो तिथे, उघडेल. सांधा झाकला जातो.

तबला आणि लूप का सरकतात

लय मिनिटाला 90 मात्रांची धरू. आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन 5.33 सेकंदांचं. लूपचं रेकॉर्डिंग संपवताना पाय 50 मिलिसेकंद उशिरा पडला, तर प्रत्येक आवर्तनाला तेवढी भर पडत जाते. तेरा आवर्तनांनी ती 650 मिलिसेकंद होते, म्हणजे जवळपास एक पूर्ण मात्रा. वेळ लागतो जेमतेम सत्तर सेकंद. तबलजी सरळ लयीत वाजवत असेल तर दुसऱ्या अंतऱ्यात सम कुठे पडली हे दोघांनाही कळत नाही.

तीच चूक चार आवर्तनांच्या लूपमध्ये केली तर लूप 21.3 सेकंदांचा होतो आणि त्याच सत्तर सेकंदांत भर पडते फक्त तीनदा, म्हणजे 150 मिलिसेकंद, पाव मात्रेहूनही कमी. लांब लूपचा हा फायदा पायाच्या कोणत्याही रियाजापेक्षा मोठा आहे. दादऱ्याचं आवर्तन लहान, सहा मात्रांचं, म्हणून तिथे आठ आवर्तनं घ्यावीत.

काही लूपर पाय दाबताच काम करतात, काही पाय उचलल्यावर. आपला कोणता हे घरी तपासायचं आणि समेवर तीच क्रिया पाडायची. रेकॉर्डिंग चालू असताना तबलजीने साधा ठेकाच ठेवायचा, तुकडे-लग्ग्या नाहीत, म्हणजे वादकाला सम स्पष्ट ऐकू येते.

इथे तबलजीचा प्रश्न अगदी रास्त होता: “दादा, मी कोणाला धरू, तुम्हाला की मशीनला?” उत्तर स्पष्ट द्यावं लागतं. लूपचं रेकॉर्डिंग संपेपर्यंत लय तबल्याची, त्यानंतर लूपची. आणि ज्याला धरायचं ते त्याला ऐकू आलं पाहिजे. पहिल्या मैफलीत त्याला लूप फक्त मुख्य स्पीकरमधून, तोही भिंतीवर आपटून मिळत होता. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. सहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज 17 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि वर प्रतिध्वनी. तबल्यापासून एक मीटरवर आठ इंची मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) ठेवला आणि त्यात फक्त गिटार व लूप दिला, तेव्हा फरक लगेच पडला.

जोडणी

गिटार, मग व्हॉल्यूम पेडल, मग लूपर, मग डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी डबी), मग मिक्सर. व्हॉल्यूम पेडल लूपरच्या आधीच हवं. नंतर लावलं तर मींडीसाठी आवाज चढवता-उतरवताना लूपही त्याबरोबर चढतो-उतरतो. रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट) मिक्सरवर, म्हणजे लूपरच्या नंतर, नाहीतर लूपच्या शेवटी रिव्हर्बची शेपटी कापली जाते आणि सांधा उघडा पडतो. गिटारचा आवाज पिकअपमधूनच (तारांखालच्या चुंबकी यंत्रातूनच) घ्यायचा. समोर माइक लावला तर तबलाही लूपमध्ये शिरतो आणि मग एकाचे दोन तबले ऐकू येतात.

दुसऱ्या मुखड्याखाली मागच्या अंतऱ्याचे सूर का आले? बऱ्याच लूपरमध्ये रेकॉर्डिंग संपवणारा दाब थेट ओव्हरडबमध्ये, म्हणजे आधीच्या लूपवर नवा थर चढवण्यात, नेतो. वादकाला वाटतं लूप नुसता वाजतोय, प्रत्यक्षात पुढचं सगळं त्यात साठत असतं. हा क्रम सेटिंगमधून बदलून ‘रेकॉर्ड, मग प्ले’ असा करून घ्यायचा. दुसरी खबरदारी: काही लूपर वीज बंद केली तरी शेवटचा लूप जपून ठेवतात. घरून निघताना तो पुसला नाही, तर सभागृहात पहिल्या दाबाला रेकॉर्डिंगऐवजी सकाळचा रियाज वाजायला लागतो.

थांबवण्याचंही तसंच. एकाच पेडलवर दोनदा झटपट दाबून लूप थांबवायचा असतो आणि तिहाईच्या घाईत दुसरा दाब हुकतो. थांबवण्यासाठी वेगळा फूटस्विच जोडता येतो, तो जोडलाच पाहिजे. त्याहून चांगला उपाय रचनेतच सापडला: शेवटचा अंतरा संपताच लूप बंद, आणि अखेरचा मुखडा फक्त गिटार-तबल्यावर. तिहाई मग दोन माणसांमध्येच होते.

बसण्याकडे लोक दुर्लक्ष करतात. गिटार मांडीवर असेल तर पाऊल उचलताना मांडी उचलली जाते, वाद्य कलतं आणि बार सरकून स्वर चढतो किंवा उतरतो. टाच जमिनीवर रोवून फक्त चवड्याने दाबायचं. सर्वांत बरं म्हणजे वाद्य स्टँडवर. उजवा पाय व्हॉल्यूमवर, डावा लूपरवर. मंचावर गालिचा असल्याने वादक अनवाणी बसतो, म्हणून रुंद पट्टीचं पेडल घ्यावं, बारीक गोल बटण तळव्याला टोचतं. लूपर 12 मिलिमीटरच्या प्लायवर वेल्क्रोने चिकटवला आणि खाली रबर लावलं की तो सरकत नाही.

गुणगुण हा सभागृहाचा जुना रोग. गिटारची साधनं एका सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्या भिंतीवर असेल तर अर्थिंगचं वेटोळं तयार होतं. सगळं एकाच अर्थिंग असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावं, तरी गुणगुण राहिली तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट (अर्थिंगची जोडणी तोडणारा स्विच) दाबावा. पंख्यांचे जुने रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर सिंगल कॉइल पिकअपमध्ये खरखर घालतात. लूपमध्ये हा प्रश्न वाढतो, कारण प्रत्येक थराबरोबर पिकअपची सळसळही साठते. सारख्या पातळीचे चार थर झाले की ती 6 डेसिबलने वर गेलेली असते. एक थर ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

दुसरी मैफल

पहिली दोन गाणी लूपशिवाय झाली. तिसऱ्याआधी वादकाने तीन वाक्यांत सांगितलं: हा ट्रॅक नाही, यात आधीचं काही भरलेलं नाही, आत्ता मी जे वाजवेन तेच हे परत वाजवेल. मग एकच हार्मोनिक रेकॉर्ड केलं आणि दोन्ही हात वाद्यावरून उचलले. सूर येत राहिला. पुढच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, “म्हणजे मघाचा तुमचाच हात परत ऐकू येतोय!” कराओकेमुळे ‘हे खरंच वाजवतायत ना’ ही शंका या श्रोत्याच्या मनात कायम असते. उचललेल्या हातांनी ती जेवढी जाते तेवढी स्पष्टीकरणाने जात नाही.

अभंगाच्या गजराला टाळ्यांची साथ आली आणि गजर हवा तेवढा लांबवता आला. ट्रॅकवर ते कधीच शक्य नव्हतं. टाळ्या लूपमध्ये पकडण्याचा मोह मात्र टाळला. मागच्या रांगेची टाळी मंचावर उशिरा पोचते, ती रेकॉर्ड केली की ठेका फाटतो. एका चित्रपटगीताचा दुसरा अंतरा फर्माइशीवरून परत घेतला गेला.

तक्रारही आली, आणि ती महत्त्वाची होती. श्रवणयंत्र लावणाऱ्या दोघांनी सांगितलं की लूप सुरू झाला की शब्द कळेनासे होतात. वयानुसार वरचे सूर कमी ऐकू येतात आणि सतत वाजणारी पार्श्वभूमी मुख्य आवाज झाकते. तरुण कानाला बरोबर वाटणारा समतोल या कानासाठी चुकीचा असतो. मंचावर बसून तो ठरवता येत नाही. लूपची पातळी थेट वाद्याच्या 6 ते 8 डेसिबल खाली आणली, आणि तो समतोल चौथ्या रांगेत बसलेल्या, श्रवणयंत्र लावणाऱ्या श्रोत्यालाच विचारून ठरवला. कार्यक्रमाआधी अर्धा तास त्यांना बोलावणं हा आता तयारीचा भाग आहे.

काही जणांना लूप अजूनही नको आहे. उघडी गिटार आणि तबला यांची त्यांना गोडी आहे, आणि त्यांच्यासाठी दहातली सहा गाणी तशीच आहेत.

सात मात्रांचा रूपक अजून बाकी आहे. अंगभूत ठेका असलेले लूपर तो ठेका चालू असताना लूपची लांबी मापाच्या पूर्ण पटीत ओढून घेतात. माप चार मात्रांचं लावलेलं असेल तर सातची एक मात्रा खाल्ली तरी जाते किंवा एक वाढते तरी. ती सोय बंद करून हाताच्या मापाने चार आवर्तनं, म्हणजे 28 मात्रा, घ्यायच्या तर रूपकात समच खालीची, म्हणजे टाळीविना, पहिली टाळी चौथ्या मात्रेवर, आणि पाय नेमका तिथे पडायला ओढ घेतो. तबलजीबरोबर त्याची तालीम चालू आहे. तोवर रूपकातली गाणी लूपरशिवायच वाजतील.